शोधयंत्राची सूची कोणाच्या मालकीची?

नवी दिल्लीतील ज्या मार्गाला कोपर्निकसचे नाव आहे, त्याच मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. तेथे उभे राहून एखाद्याने फोनवर 'महाराष्ट्र सदन' असे लिहिले की क्षणार्धात उत्तर येते, आणि यंत्राने साऱ्या जगाचा धांडोळा घेतला असे वाटते. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे वाटणे हा जसा भ्रम होता, तसाच हाही आहे.

वस्तुस्थिती अशी की, कंपनीची यंत्रणा एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात संकेतस्थळांची पाने आधीच नकलून ठेवते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची, ग्रंथाच्या शेवटी असते तशी, अवाढव्य सूची तयार होते. शोध होतो तो या सूचीत. जे सूचीत नाही ते शोधणाऱ्यापुरते अस्तित्वातच नाही. त्यानंतर क्रम लागतो. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने दुवे देतात, ते पान वर चढते. हे दुवे देणारे कोट्यवधी लोक आहेत. श्रम समाजाचे आणि सूची खासगी, हाच या व्यवस्थेचा मूलभूत अंतर्विरोध होय.

जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, असे त्याच वर्षी याच संस्थापकांनी लिहिले होते. पुढे त्यांची कंपनी जाहिरातींवरच गबर झाली. भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल तिला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन व ब्राउझर यांत आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी २०२१ या एका वर्षात तिने २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

'सेवा फुकट आहे, मग तक्रार कसली?' असा युक्तिवाद भांडवलाचे वकील करतात. जाहिरातीचा खर्च मालाच्या किमतीत मिसळतो आणि अखेर तो कष्टकऱ्याच्याच खिशातून जातो, हे ते सांगत नाहीत.

कोपर्निकस मार्गावर दूरदर्शन भवनही आहे. माहितीचे साधन सार्वजनिक असू शकते, हे दूरदर्शनच्या इतिहासाने दाखवले. सरकारी मालकी म्हणजे जनतेची मालकी नव्हे, हे १९७५ च्या आणीबाणीने दाखवले. म्हणून केवळ दंडावर किंवा सरकारी शोधयंत्रावर समाधान मानता येणार नाही. सूची सार्वजनिक हवी, क्रमाचे नियम उघड हवेत आणि कारभार सत्ताधाऱ्यांपासून स्वतंत्र, पण जनतेला जबाबदार हवा. युरोपातील १४ संस्थांनी २०२२ मध्ये खुल्या सूचीचे काम हाती घेतले आहे. भारतातील सार्वजनिक विद्यापीठांनाही ते अशक्य नाही. त्यासाठी संघटित मागणी उभारणे हे लोकशाही चळवळीचे काम आहे.