दिव्यांचं काय घेऊन बसलात?

रात्रीचे साडेबारा. रूममेटचा सकाळी एम-थ्रीचा पेपर आणि माझ्या टेबलावर खट-खट-खट! शेवटी तो पांघरुणातून ओरडला, "हाई काय करी राहिना रे भो?" तोही आमच्या दोंडाईच्याचाच, त्यामुळे राग सरळ अहिराणीत!

चूक माझीच. मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड घेताना मी रंगीबेरंगी दिवे तेवढे पाहिले. आत निळे स्विच होते. निळा स्विच प्रत्येक दाबाला मुद्दाम 'क्लिक' वाजवतो. तपकिरी नुसता बोटाला खटका देतो. लाल सरळ खाली जातो, खटका नाही की क्लिक नाही.

नशीब, कीबोर्ड हॉट-स्वॅप निघाला. म्हणजे स्विच बोर्डाला डाग देऊन जोडलेले नसतात, सॉकेटमध्ये खोचलेले असतात. लाल स्विच मागवले, चिमट्याने जुने उपटले, नवे बसवले. ८७ स्विच, दीड तास, सोल्डरिंग गनला हातही नाही. लाल स्विच एकूण ४ मिमी खाली जातो, पण अक्षर साधारण २ मिमीलाच उमटतं. हलक्या हाताने टाइप केलं तर खाली आपटल्याचा आवाजही कमी होतो. रूममेट झोपला, मैत्री टिकली!

खरा धडा पुढेच. महिन्याभरात 'ई'वर चहा सांडला आणि ते बटण मेलं. साधा मेम्ब्रेन कीबोर्ड असता तर एका अक्षरापायी सगळाच भंगारात गेला असता. मी एक स्विच बदलला, दोन मिनिटांत काम झालं.

सुट्टीत घरी हे कौतुकाने सांगितलं, तर वडील हसले. त्यांनी दोंडाईच्याला गोदरेजच्या मशीनवर टायपिंग शिकलेलं. म्हणाले, "एक दांडी अडकली म्हणून आम्ही मशीन फेकत नव्हतो. सर स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची कुपी घेऊन यायचे." गोदरेजने १९५५ मध्ये सुरू केलेलं टाइपरायटरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं. मशीनबरोबर ती सवयही गेली की काय?

माझं म्हणणं एवढंच : इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग दिवे किती रंगांचे हे विचारण्याआधी 'हे उघडता येतं का?' हे विचारा. हॉट-स्वॅप महाग पडतो, मान्य. पण दर वर्षी नवा स्वस्त कीबोर्ड घेण्याचाही हिशोब मांडून बघा. मूळ चेरी कंपनीच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्याच मापाचे स्विच इतरांनीही काढले, त्यामुळे आता निवडीला तोटा नाही. मात्र घेण्याआधी सॉकेट तीन पिनांचं की पाच पिनांचं ते बघा. ऑप्टिकल स्विच यात चालत नाहीत. बसवताना पिना सरळ ठेवा, वाकडा दाबलात की पिन मुडपलीच.

आणि एक सूचना. बदललेले स्विच फेकू नका. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक डबा ठेवू या. ज्याचं बटण मेलं त्याने त्यातून एक घ्यावा, ज्याच्याकडे उरले त्याने चार टाकावेत. माझे निळे स्विच तयार आहेत.

फक्त रात्री अकरानंतर वापरू नका म्हणजे झालं!