खोल पाण्यातील खारटपणा कोठून येतो?



विहीर जितकी खोल, तितके तिचे पाणी गोड, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. वऱ्हाडातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात राहणारी माणसे मात्र तो मान्य करणार नाहीत. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील त्या भूभागास ‘खारपाणपट्टा’ असेच नाव पडले आहे. तेथील कित्येक विहिरींच्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर! मग भूमीच्या पोटात हे मीठ आले कोठून?

या प्रश्नाचा फार दिवसांपासून अभ्यास झालेले एक ठिकाण म्हणजे अमेरिकेतील मिशिगन राज्य. तेथे परातीत परात ठेवावी त्याप्रमाणे चुनखडक, वाळूखडक व शेल यांचे थर एकावर एक बसलेले असून, मध्यभागी त्यांची जाडी सुमारे पाच किलोमीटर भरते. या थरांत जे पाणी आहे, ते समुद्रालाही लाजवील इतके खारे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. येथील काही थरांतील पाण्यात ते ३०० ग्रॅमांहूनही अधिक आढळतात.

त्या राज्याचे भूवैज्ञानिक आल्फ्रेड लेन यांनी १९०८ मध्ये अशा पाण्यास एक नाव दिले. त्याचा अर्थ ‘सहजात’, म्हणजे खडकाबरोबरच जन्मलेले. प्राचीन समुद्राच्या तळाशी गाळ साचताना त्याच्या कणांमध्ये जे पाणी अडकले, तेच हे, अशी ही कल्पना. ती सोपी व मनोवेधक आहे. परंतु तिच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पाणी समुद्राचे, तर ते समुद्राहून कितीतरी पट खारे कसे झाले? आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम अधिक असते. येथे नेमके उलट का?

पहिल्या अडचणीचे उत्तर आपल्या मिठागरात सापडते. खाचरातील पाणी उन्हाने आटू लागले की मिठाच्या आधी जिप्सम खाली बसते. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले म्हणजे मीठ धरू लागते. ते काढून घेतल्यावर मागे एक कडू, दाट द्रव उरतो. पावसाळ्यात आपल्या घरच्या खडेमिठाला जे पाणी सुटते, ते या द्रवातील मॅग्नेशियमचे क्षार मिठाला चिकटून राहिल्यामुळेच. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी मिशिगनमध्येही एक समुद्र असाच आटला. त्याने मिठाचे जाड थर मागे ठेवले आणि उरलेला दाट द्रव खालच्या खडकांत झिरपला.

दुसऱ्या अडचणीचे उत्तर खडकांत आहे. मॅग्नेशियमयुक्त पाणी चुनखडकातून वाहिले की खडक मॅग्नेशियम घेतो व कॅल्शियम सोडतो. चुनखडकाचा डोलोमाइट होतो आणि पाण्याचा स्वभाव पालटतो. दगड व पाणी यांची ही देवघेव लक्षावधी वर्षे चालते.

खारटपणा मूळ समुद्राचा की पुढे विरघळलेल्या मिठाचा, हे ओळखण्याची खूण म्हणजे ब्रोमाइड. ते मिठाच्या स्फटिकात फारसे शिरत नाही; उरलेल्या द्रवातच साचत जाते. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइडच्या एका भागास क्लोराइडचे सुमारे २९० भाग असतात. मिठाचा थर विरघळून बनलेल्या पाण्यात हे प्रमाण हजारांवर जाते. आटलेल्या समुद्राच्या द्रवात ते पुष्कळ खाली येते. मिशिगनमधील मिडलँड येथे हर्बर्ट डाऊ यांनी १८९१ मध्ये भूगर्भातील खाऱ्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने ब्रोमीन काढले, ते या साठ्याच्या बळावरच.

तथापि खरे आश्चर्य पुढेच आहे. १९६६ मध्ये शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट क्लेटन व त्यांचे सहकारी यांनी मिशिगनसह अनेक खोऱ्यांतील अशा पाण्याच्या हायड्रोजन व ऑक्सिजन यांची समस्थानिके तपासली. त्यांना आढळले की, या पाण्याचा मोठा भाग समुद्राचा नसून त्या त्या प्रदेशात पडलेल्या पावसाचा आहे! पुढील संशोधनाने या निष्कर्षास थोडी मुरड घातली. काही खोल थरांत प्राचीन समुद्राचा अंश टिकून असल्याचे दिसून आले. पण एक गोष्ट पक्की झाली : पाण्याचे कूळ एक आणि त्यातील मिठाचे कूळ दुसरे असू शकते. पाऊस मुरतो, वाटेत मीठ विरघळवतो, जुन्या द्रवात मिसळतो आणि खडकांशी देवघेव करतो.

आता पुन्हा आपल्या विहिरीकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातील थर समुद्राने नव्हे, तर नदीने आणलेल्या गाळाचे आहेत. म्हणून मिशिगनचे उत्तर तेथे जसेच्या तसे लागू पडणार नाही. परंतु त्यातील बोध मात्र सर्वत्र लागू आहे. गोडे पाणी हलके असल्याने पुष्कळ ठिकाणी ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे भराभर उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढलेले ते सहजासहजी खाली जात नाही. म्हणून विंधनविहीर आणखी खोल नेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी व भूजल खात्याच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा. लक्षावधी वर्षांत मुरलेला खारटपणा आपल्या एका उन्हाळ्याच्या घाईने घरात येऊ नये, एवढी काळजी तर आपल्या हाती आहेच.