रात्री किती माणसं असतात?

शिवाजी पार्कातली आमची लिफ्ट नसलेली तीन मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने भाडं दिलं, सामान हलवायचे पैसे दिले. अर्धांगाच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आजीचं काय करायचं, हे करारात कुठेच नव्हतं. आम्ही ठाण्याला वन बीएचकेत गेलो आणि आजी कर्जतच्या बाजूला एका खासगी केअर होममध्ये. महिना बेचाळीस हजार, डायपर आणि औषधं वेगळी.

आधी ट्रस्टचे वृद्धाश्रम बघितले होते. बहुतेकांची पहिली अट एकच: स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. म्हणजे ज्याला खरी गरज आहे, त्याच्यासाठी उरतो फक्त धंदा.

धंदा ॲपवर छान दिसत होता. रोज सकाळी आजीचा केस विंचरलेला फोटो यायचा. चौथ्या महिन्यात तिच्या माकडहाडावर बेडसोअर सापडलं, हाड दिसेल इतकं खोल. त्या दिवशीही फोटो छानच आला होता. पाठीचा फोटो कुणी काढत नाही.

त्या रात्री ड्यूटीवरच्या मावशींवर मी ओरडलो. त्याची मला अजून लाज वाटते, कारण नंतर मी हिशोब मांडला. तिथे तीस माणसं होती, त्यातली बारा पूर्ण झोपून. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. रात्री नऊ ते सकाळी सातमध्ये पाच वेळा, म्हणजे साठ वेळा वळवणं. डायपर बघून, बदलून प्रत्येकी दहा मिनिटं धरा: दहा तास. आणि वळवायला दोघी लागतात. म्हणजे दोन बायका रात्रभर एक मिनिट न बसता फक्त एवढंच करणार. उरलेल्या अठरा जणांना बाथरूमला न्यायला तिसरी हवी. तिथे रात्री एकच होती. बारा तासांची पाळी, तीही सलग आठवडाभर.

ती एक का होती? नफा तिथूनच निघतो म्हणून. जागेचं भाडं कमी होत नाही, डाळ-तांदूळ एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. माणसं मात्र कमी करता येतात, आणि रात्रीची कमी केली तर कुणाला दिसतही नाहीत. आमच्या क्षेत्रात याला युटिलायझेशन सुधारणं म्हणतात. माझाही पगार नफ्यातूनच येतो, तेव्हा नफा म्हणजे पाप असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कोडमध्ये बग असला तर ग्राहक बोंब मारतो. इथे पैसे देणारा ठाण्यात किंवा न्यू जर्सीत, आणि सेवा घेणारी व्यक्ती बोलू शकत नाही. मग धंदा पैसे देणाऱ्याला जे दिसतं तेच सुधारत जातो: लॉबी, ॲप, दिवाळीचे फोटो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत प्रायव्हेट इक्विटीने विकत घेतलेल्या नर्सिंग होम्सवर २०२१ साली एक अभ्यास आला. थोड्या काळासाठी दाखल झालेल्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू तिथे सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाले. परिचारिका कमी झाल्या होत्या, मनोविकारावरची गुंगी आणणारी औषधं वाढली होती. फ्रान्समध्ये जानेवारी २०२२ मध्ये व्हिक्टर कास्ताने या पत्रकाराने ओर्पेआ या बड्या कंपनीवर पुस्तक लिहिलं. म्हाताऱ्यांना डायपर मोजून दिले जातात, असा त्यात आरोप होता. सरकारी चौकशी लागली, कंपनीचा प्रमुख गेला.

आपल्याकडे चौकशी कशाच्या आधारावर करणार? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम, एवढं लिहिलंय, तेही 'राज्य सरकार काढू शकेल' या भाषेत. खासगी केअर होम्सची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झालं. राज्याचा नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमींबरोबर दुर्बल माणसंही आहेत, जिथे त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा नर्सिंग होम. नाकात नळी घातलेली माणसं ठेवणारी जागा यात बसत नाही तर काय? पण दारावर 'आनंदाश्रम'छाप पाटी लावली की जागा वृद्धाश्रम ठरते आणि नोंदणीचा विषय कुणी काढत नाही.

ट्रस्टच्या जागी सगळं आलबेल असतं असंही नाही. तरी तिथे वाचलेला पैसा मालकाच्या खिशात जायला निदान अधिकृत वाट नसते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक जागेची १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी करा. दारावर रोज दोन आकडे लिहायला लावा: आज रात्री ड्यूटीवर किती, आणि आत किती जणांना बेडसोअर. नातेवाइकांना कुठल्याही वेळी आत जाऊ द्या.

आजी आता ठाण्याच्या हॉलमध्ये आहे. जखम भरायला सात महिने लागले. रात्री दोनचा आणि चारचा अलार्म माझ्याकडे असतो, आई बाराचा घेते. आमच्या बिल्डिंगमधलेच एक काका परवा फोन करून त्या केअर होमचा नंबर मागत होते. मी म्हटलं, देतो, पण आधी रात्री साडेदहाला न सांगता जाऊन या. ते गेले. वॉचमनने गेटवरूनच सांगितलं, भेटायची वेळ चार ते सहा.