अपुल्लोसाला कोणी म्हटलं नाही, "आता कशाला?"



गेल्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना आमच्या मंडळीतल्या एका ताईंनी सांगितलं, "मला एम.एड.ला प्रवेश मिळाला." ताई इथं बेळगावातच प्राथमिक शाळेत शिकवतात आणि अकरा वर्षं आमचं संडे स्कूल सांभाळतात. वय अडतीस. अभिनंदन दोघातिघांनीच केलं. बाकी सगळे प्रश्नच. "आता ह्या वयात कशाला गं?" "पगार वाढणार काय?" एक वडीलधारे बंधू तर म्हणाले, "जगाच्या पदवीसाठी देवाचं काम सोडणार?"

ताई हसल्या आणि कप विसळायला गेल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "शुक्रवारी फी भरायची शेवटची तारीख आहे. नको म्हणून टाकावं असं वाटतंय." मीही तिथंच उभा होतो आणि गप्प होतो. म्हणून आज हे लिहितो आहे.

एम.एड. म्हणजे भिंतीवर लावायचा आणखी एक कागद, असं आपल्याला वाटतं. पण त्यात शिकतात काय? मुलांना काय शिकवायचं, का शिकवायचं, कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमानं शिकवायचं, आणि ते मुलांपर्यंत पोचलं की नाही हे कसं ओळखायचं. अभ्यासक्रम रचणं म्हणतात ते हेच. २०१४ च्या नियमांनी हे शिक्षण एका वर्षाऐवजी दोन वर्षांचं झालं. शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम आणि लघुप्रबंधही त्यात असतो. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला हे सोपं नाही.

माझीच चूक सांगतो. मी संडे स्कूलमध्ये सहा वर्षं योनाची गोष्ट शिकवली, दरवर्षी तशीच. मासा, वादळ, तीन दिवस. शेवटी आठवीतला एक मुलगा म्हणाला, "अंकल, माशाचं ठाऊक आहे. पण निनवेच्या लोकांना देवानं क्षमा केली तर योना चिडला का?" माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली मांडलं की तोच विषय मुलांपुढे पुन्हा पुन्हा यावा, पण दर वेळी आणखी खोल. लहानग्यांना मासा, मोठ्यांना योनाचा राग. हे मला ताईंनी समजावलं. आमच्या प्रभूनं तर हे आधीच करून दाखवलं होतं. शिष्यांना सांगायचं पुष्कळ होतं, पण ते अजून त्यांना पेलणार नाही हे ओळखून तो थांबला (योहान १६:१२). प्रेम तर होतंच, पण कधी काय सांगावं याची जाणही होती.

इथं आणखी एक अडचण आहे. आमची मुलं शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतात, आणि रविवारी आपण त्यांच्या हातात मराठी शास्त्र देतो. कित्येकांना ते अडखळत वाचावं लागतं. मग आपण म्हणतो, मुलांना देवाच्या वचनाची गोडी नाही. गोडी नाही की वाट नाही? हे शोधायला शिकलेलं माणूस लागतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ वाचा. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, आवेशानं शिकवणारा. तरी त्याचं ज्ञान अपुरं होतं. तंबू करणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. शिकवणारा पुन्हा शिकायला बसला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे अखयात जायचं ठरल्यावर बंधूंनी त्याला उत्तेजन दिलं, पत्र लिहून दिलं. "आता कशाला?" असं कोणी म्हटल्याचं मला तिथं दिसत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच पाहा. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हणून गौरवलेली ही बाई १८८६ साली अमेरिकेत गेली आणि लहान मुलांना कसं शिकवावं हे, किंडरगार्टनची पद्धत, विद्यार्थिनी होऊन शिकली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, त्यामागे ही तयारी होती.

पदवीनं आत्मा मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. मला प्रार्थना शिकवणारी आजी सातवीसुद्धा शिकलेली नव्हती. आणि ताईंचा पगार कदाचित एका रुपयानंही वाढणार नाही. पण म्हणूनच, पगारासाठी नसलेल्या या कष्टाला आपण सेवा का म्हणू नये? मुलगा इंजिनिअर झाला की आपण वेदीसमोर आभारस्तुती करतो. शिक्षिकेसाठीही करू या.

नुसती स्तुती मात्र पुरणार नाही. संडे स्कूलला दोन वर्षं माणसं हवीत. पहिली ते चौथीचा वर्ग मी घेतो, पाळकसाहेबांना तसं सांगितलं आहे. पाचवीपासूनच्या वर्गाला अजून कोणी नाही. मंडळीच्या शिक्षण निधीतून फीचा पहिला हप्ता देता येईल का, हेही या बुधवारी प्रार्थनासभेनंतर विचारणार आहे. ज्यांनी रविवारी प्रश्न विचारले त्यांनी अवश्य यावं. शुक्रवारला फार दिवस नाहीत.

प्रभू, तुझ्या लेकरांना शिकवणाऱ्यांना शिकत राहण्याचं बळ दे, आणि आम्हांला त्यांचं ओझं वाटून घेण्याचं. आमेन.