कंसातले नाव

माळेगाव बुद्रुक हे बारामती तालुक्यातले उसाचे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, काळी जमीन आणि साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या एवढे सांगितले की गावाचे बरेचसे वर्णन होते. येथील आठवीतल्या एका मुलाने एकदा विहिरीच्या खोदकामातून निघालेला दगड माझ्याकडे आणला. काळ्या दगडात बारीक बारीक भोके आणि त्यांत पांढरे कण भरलेले. मुलगा आनंदाने म्हणाला, "सर, पोवळे सापडले! म्हणजे इथे पूर्वी समुद्र होता."

ते पोवळे नव्हते. आपल्या भागातला काळा पाषाण हा ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकतात आणि पोकळ्या राहतात. पुढे पाण्यात विरघळलेली खनिजे त्या पोकळ्यांत साठून त्यांचे पांढरे स्फटिक तयार होतात. मुलाचा दगड तो हाच. मी हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे चुकले," असे म्हणून त्याने दगड खिडकीतून बाहेर टाकला आणि वहीतली नोंद फाडून टाकली.

त्याचे अनुमान चुकले याचे मला वाईट वाटले नाही. वही फाडली याचे मात्र वाटले. ही सवय मुलांना आपणच लावली आहे असे माझे मत आहे. ते पटावे म्हणून एका अगदी लहान प्राण्याची खरी हकिकत सांगतो.

हा प्राणी ब्रायोझोआ नावाच्या संघातला. ब्रायोझोआ म्हणजे शेवाळासारखे दिसणारे प्राणी. शाळेच्या पुस्तकात या संघाला क्वचितच जागा मिळते; पण त्याच्या आज जिवंत असलेल्या सुमारे ६,००० जाती ज्ञात आहेत आणि जीवाश्मरूपात सापडलेल्या जातींची संख्या त्याहूनही मोठी आहे. हे प्राणी बहुतेक सर्व वसाहत करून राहतात. वसाहतीतल्या एकेका प्राण्याला जीवक म्हणतात. जीवक सहसा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. समुद्रातले बहुतेक ब्रायोझोआ स्वतःभोवती चुन्याची छोटी खोली बांधतात. खोलीच्या तोंडातून संस्पर्शकांचे वलय बाहेर येते. संस्पर्शकांवर सूक्ष्म केस असतात. त्यांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह निर्माण होतो आणि त्यातील बारीक जीव तोंडाकडे ओढले जातात. अन्ननलिका इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली असते. तोंड वलयाच्या आत आणि गुदद्वार वलयाच्या बाहेर. पोवळ्याच्या प्राण्यात असे नसते. त्याच्या पोटाला एकच दार असते. म्हणून वसाहत कितीही पोवळ्यासारखी दिसली, तरी ब्रायोझोआ हा पोवळ्याचा जवळचा नातलग नव्हे.

आता सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात जाऊ. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. तेथील लेणी तुम्ही ऐकून असाल. या गावावरून तेथल्या खडकांना 'बाघ थर' असे नाव पडले. आपल्या काळ्या पाषाणाचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बाघचे थर त्याहून जुने, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडकात शंख, शिंपले, समुद्री साळी आणि ब्रायोझोआ जीवाश्मरूपाने राहिले आहेत. म्हणजे माळेगावच्या मुलाला हवा असलेला समुद्र खोटा नव्हता. तो आपल्या विहिरीत नव्हता इतकेच.

प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली या भागातील थरांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत एका थराचे नाव 'कोरलाइन' म्हणजे प्रवाळी चुनखडक असे आहे. गंमत अशी की या थरात पोवळ्यांपेक्षा ब्रायोझोआच्या फांद्यांचे तुकडेच अधिक आहेत. नाव मात्र आजही टिकून आहे.

१९३९ साली जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बाघ थरांतील ब्रायोझोआंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत एका नव्या जातीला त्यांनी 'डायमॉर्फोपोरा' हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ 'दोन प्रकारची छिद्रे असलेली' असा होतो. या जातीचे जीवक लांबट नळ्यांसारखे होते.

येथे वर्गीकरणाचा प्रश्न आला. समुद्री ब्रायोझोआंचे दोन गण आपल्या कामाचे आहेत. पहिला वर्तुळमुखींचा, म्हणजे सायक्लोस्टोमांचा. यांचे जीवक नळीसारखे आणि नळीचे तोंड गोल. हा गण फार प्राचीन. दुसरा ओष्ठमुखींचा, म्हणजे कायलोस्टोमांचा. यांचे जीवक साधारणपणे पेटीसारखे, आणि पेटीच्या तोंडावर उघडझाप करणारे झाकण. हा गण त्या मानाने नवा. त्याची मोठी वाढ झाली ती सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीपासून, म्हणजे बाघच्या समुद्राच्या आगेमागेच. आज समुद्रात याच गणाच्या जाती सर्वांत जास्त आहेत. झाकण चुन्याचे नसल्यामुळे ते खडकात सहसा टिकत नाही. तेव्हा जीवाश्म हाती आला की नळी की पेटी, हाच पहिला प्रश्न. डायमॉर्फोपोराची तर नळी होती. ती वर्तुळमुखींत गणली गेली, आणि त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे हे अगदी स्वाभाविक होते.

चिपळूणकरांनी पुढे पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आर. एम. बडवे यांच्यासह बाघच्या जीवाश्मांवर बरेच काम केले. या वर्धिनीच्या संशोधन संस्थेला १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था असे नाव आहे. बडवे आणि लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील पॉल टेलर यांनी डायमॉर्फोपोराचा पुन्हा अभ्यास केला. बाहेरच्या आकारावर न थांबता त्यांनी बारीक रचना तपासली, आणि १९९५ साली निष्कर्ष मांडला की हा प्राणी वर्तुळमुखी नसून ओष्ठमुखी आहे. त्याचे रूप वर्तुळमुखीसारखे झाले आहे, कुळी मात्र दुसरी आहे. डॉल्फिन माशासारखा दिसतो म्हणून तो मासा होत नाही, तसेच हे. पहिले वर्णन आणि ही दुरुस्ती यांत ५६ वर्षांचे अंतर आहे.

या प्राण्यासाठी नवी प्रजाती निर्माण करावी लागली. जाती म्हणजे एकाच प्रकारचे जीव, आणि जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. टेलर आणि बडवे यांनी नव्या प्रजातीला नाव दिले 'चिपळूणकरिना'. ज्यांचे वर्गीकरण बदलले, त्यांच्याच नावाने! आता या प्राण्याचे पूर्ण नाव असे लिहितात : चिपळूणकरिना डायमॉर्फोपोरा (चिपळूणकर, १९३९).

शेवटच्या कंसाकडे नीट पाहा. तो उगाच घातलेला नाही. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा आहे की, ज्याने जातीचे पहिले वर्णन केले त्याचे नाव आणि वर्ष जातीच्या नावापुढे लिहावे. आणि ती जाती पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली, तर ते कंसात लिहावे. माणसाच्या शास्त्रीय नावापुढे 'लिनियस, १७५८' असे कंसाशिवाय येते, कारण लिनियसने आपल्याला 'होमो' या प्रजातीत ठेवले आणि आपण आजही तिथेच आहोत. सिंहापुढे मात्र '(लिनियस, १७५८)' असा कंस येतो. लिनियसने त्याला मांजराबरोबर 'फेलिस' प्रजातीत घातले होते. आज तो 'पँथेरा' प्रजातीत आहे. म्हणजे तो कंस सांगतो, 'या जातीला प्रथम यांनी ओळखले; जागा मात्र नंतर बदलली.' पहिला माणूस पुसला जात नाही, आणि दुरुस्तीही लपवली जात नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. आपण वर्गीकरण कसे शिकवतो? संघ, वर्ग, गण यांची यादी फळ्यावर लिहितो, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. जणू ती यादी निसर्गानेच छापून दिली आहे! वास्तविक प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी पुराव्यावरून केलेले अनुमान आहे, आणि चांगला पुरावा मिळाला तर ते बदलावे लागते. हे न सांगता नावे घोकून घेतली की, नाव बदलल्याचे कळताच मुले म्हणतात, "मग शास्त्रज्ञांनाही काही ठाऊक नसते." एका टोकाची अंधश्रद्धा सुटली की दुसऱ्या टोकाचा अविश्वास येतो. दोन्ही वाईट.

काही शिक्षक म्हणतील, "परीक्षकाला एकच उत्तर हवे असते, मुलांना शंका शिकवून त्यांचे गुण घालवायचे का?" ही अडचण खरी आहे. नावे शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. नावाशिवाय दोन माणसांना एकाच प्राण्याविषयी बोलताच येणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, नावाबरोबर कारणही विचारावे. 'हा प्राणी कोणत्या संघातला?' या प्रश्नाला जोडून 'कशावरून?' हा प्रश्न असावा, आणि अर्धे गुण त्याला असावेत.

दुसरी सूचना प्रयोगवहीबद्दल. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, पान तर मुळीच फाडू नये. तिच्यावर एक सरळ रेघ मारावी, शेजारी नवी नोंद करावी आणि मत का बदलले ते तारखेसह लिहावे. अशा खाडाखोडीचे गुण शिक्षकांनी कापू नयेत. शाळेच्या संग्रहातील दगडांनाही हाच नियम लावावा. चांगल्या संग्रहालयात नवी चिठ्ठी लावताना जुनी फेकून देत नाहीत; दोन्ही नमुन्याजवळ ठेवतात. चिपळूणकरांनी आपले वर्णन छापून ठेवले होते, म्हणूनच इतक्या वर्षांनी त्याची दुरुस्ती होऊ शकली. जे लिहूनच ठेवले नाही ते दुरुस्त कसे करणार?

आणि विद्यार्थी मित्रांनो, ब्रायोझोआ पाहायला बाघलाच जायला हवे असे नाही. गोड्या पाण्यात राहणारे ब्रायोझोआही भारतात आहेत. तळ्यात किंवा शेततळ्यात बरेच दिवस बुडून राहिलेली काटकी मोठ्या माणसाच्या मदतीने, पाण्यात न उतरता बाहेर काढा आणि भिंगाखाली पाण्यातच ठेवून पाहा. तपकिरी, फांद्या फुटलेल्या बारीक नळ्यांची वसाहत दिसली आणि थोड्या वेळाने नळ्यांच्या टोकांतून संस्पर्शकांचे तुरे बाहेर आले, तर तो 'प्लुमाटेला' किंवा त्याचा भाऊबंद असू शकेल. कदाचित ते नुसते शेवाळच निघेल. दोन्ही गोष्टी वहीत लिहा.

त्या मुलाचा दगड मी खिडकीखालून उचलून आणला आहे. त्याच्या चिठ्ठीवर त्यानेच दोन ओळी लिहिल्या आहेत. वरची, रेघ मारलेली : 'पोवळे.' खालची : 'लाव्ह्यातील पोकळ्या, आत पांढरी खनिजे. पोवळ्याच्या भोकांत भिंती ठरावीक रीतीने असतात, येथे नाहीत.' दोन्ही ओळींखाली त्याचे नाव आहे.