पैठण: आधी पाणी, सावली आणि स्वच्छतागृह

शाळेची सहल ठरली की मुलगे विचारतात, "सर, तिथं बोटिंग आहे का?" मुली मात्र बाईंना बाजूला घेऊन हळूच वेगळंच विचारतात. तिथं बाथरूम आहे ना? उत्तर नक्की नसलं की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुली दिवसभर उन्हात तहानलेल्या फिरतात आणि आपण त्याला शैक्षणिक सहल म्हणतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी एका नाही, अनेक ठिकाणी पाहिलं. त्यामुळे वर्तमानपत्रात 'पर्यटन विकास' असा मथळा दिसला की मला आधी त्या मुली आठवतात.

आज पैठणविषयी लिहायचं आहे. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, बिडकीनमार्गे पन्नासेक किलोमीटर. आज तालुक्याचं लहान गाव, पण सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. सुमारे 2000 वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तेर ही दख्खनची मोठी बाजारपेठ म्हणून नोंदलेली आहेत. इथले अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात.

आजच्या पैठणात काय नाही? नाथांचा वाडा आहे, गोदावरीच्या काठावर समाधी मंदिर आहे, ज्ञानेश्वरांच्या कथेतला नागघाट आहे, मौलाना साहेबांचा दर्गा आहे. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेली पैठणी इथल्या हातमागावर विणली जाते. गावाच्या वरच्या अंगाला सुमारे 10 किलोमीटर लांबीचं, 27 दरवाजांचं जायकवाडी धरण आहे. नाथसागराचा परिसर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हे सगळं नीट पाहायचं तर एक दिवस पुरणार नाही. तरीही बहुतेक माणसं दोन तासांत दर्शन घेऊन, धरण पाहून परततात. बसायला सावली नाही, बाईमाणसाला जायला धड जागा नाही, माहिती सांगणारं कुणी नाही, तर माणूस थांबेल कशाला? आणि माणूस थांबला नाही तर विणकराचं, खानावळीचं, रिक्षावाल्याचं घर कशावर चालेल? सोयींचा प्रश्न पाहुण्यांच्या लाडाचा नाही, गावाच्या पोटाचा आहे.

यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं: मोठा प्रकल्प आणा. पैठणने मोठा प्रकल्प पाहिलेला आहे. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. मराठवाड्यातल्या एका पिढीसाठी सहल म्हणजे पैठणची बाग आणि तिथली रंगीत कारंजी. माझी पिढी तीच. पुढे त्या बागेची दुरवस्था झाली आणि 'उद्यानाला गतवैभव मिळणार' ही बातमी आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो. बाग वाईट नव्हती. आपल्याकडे बांधायला पैसे मिळतात, पण जपायला मिळत नाहीत. फीत नव्या कामाची कापली जाते. नळाला तोटी बसवल्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं कळत होतं. आपल्या शहरातली पाणचक्कीच घ्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहला लागून 18व्या शतकात ती उभी राहिली. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, त्यावर जातं फिरवलं आणि फकीर, मुसाफिर, गोरगरीब यांच्यासाठी पीठ दळलं. आज आपण तिकीट काढून जे पाहतो, ती मुळात वाटसरूंची सोय होती. वक्फ ही कल्पनाच अशी की विहीर बांधली, सराई बांधली, तर तिच्या देखभालीसाठी उत्पन्नही बांधून द्यायचं. देवळांच्या इनाम जमिनींमागेही हाच हिशेब होता. वास्तू आणि तिची डागडुजी ही दोन वेगळी कामं मानलीच नव्हती. मग आजच्या सरकारी आराखड्यात बांधकामाच्या रकमेशेजारी पुढच्या 10 वर्षांच्या झाडलोटीची, वीजबिलाची, रखवालदाराच्या पगाराची रक्कम का नसावी?

नदीकाठी बांधताना आणखी एक भान हवं. 2006 मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला आणि गोदावरी पैठणात शिरली. त्यामुळे काठावर काँक्रीटची शोभा मांडण्यापेक्षा पूररेषेच्या वर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि झाडांची सावली करावी. घाटावर धरायला कठडा असावा, पाण्याची खोली सांगणारा फलक असावा आणि गर्दीच्या दिवशी पोहता येणारा माणूस असावा. नाथषष्ठीला इथं लाखो वारकरी येतात. त्यात म्हाताऱ्या बाया असतात, लहान लेकरं असतात. त्यांना लेझर शो नको, पाय न घसरणारी पायरी हवी.

सोयींच्या यादीत मी फलकालाही धरतो, कारण अर्धवट माहिती हीसुद्धा गैरसोयच. आमच्या मोहल्ल्यात नकळत एक वाटणी होऊन बसली आहे: खुलताबाद आपलं, पैठण त्यांचं. पलीकडच्या वस्तीत हीच वाटणी उलट्या बाजूने केली जाते. पण एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, ते देवगिरीचे, निजामशाहीत किल्लेदार. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले या सूफींचं नाव घेते. श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांच्याच शिष्यपरंपरेतले. पुढे याच एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. वर्गात हे सांगितलं की उर्दू माध्यमाची पोरं चकित होतात. "सर, म्हणजे आपलाही संबंध आहे?" संबंध आहेच, पण तो सांगणारे मराठी आणि उर्दू फलक पैठणपासून दौलताबादपर्यंत जागोजागी उभे करायला फारसा खर्च नाही, इच्छा लागते.

आणि बोट फक्त सरकारकडे दाखवून चालणार नाही. उरुसानंतर दर्ग्याभोवती पडलेल्या पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास कुणी टाकलेले असतात? रस्त्यातला काटा बाजूला करणं हाही सदका, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. नदीकाठचा कचरा उचलणं त्यात येत नाही का? यात्रेनंतर आणि उरुसानंतर दोन्ही वस्त्यांतल्या शाळांनी मिळून एक सकाळ घाट झाडला, तर वारशाची वाटणी मिटायला भाषणापेक्षा जास्त मदत होईल.

पैठणला नवी राजधानी व्हायचं नाही. जे आहे ते जपलं, पूर्ण सांगितलं आणि येणाऱ्याला माणूस म्हणून वागवलं तरी गाव उभं राहील. नळ जात विचारत नाही, झाडाची सावली नाव विचारत नाही. विकास झाला की नाही, हे मी कारंज्यांवरून ठरवणार नाही. पैठणच्या सहलीत माझ्या वर्गातली मुलगी बिनधास्त पोटभर पाणी प्यायली, की मी म्हणेन, झाला.