मायेची ऊब पुरे, सुईत दोरा ओवा

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. थंडीच्या आधी आईनं गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. रंग मस्त दिसत होते. मी फोटो काढला, ‘मायेची ऊब’ अशी कॅप्शन टाकली आणि स्टोरी ठेवली. संध्याकाळपर्यंत बदामांचा पाऊस. ऑफिसमधल्या एकीनं विचारलं, “कुठे मिळेल?” एकानं लिहिलं, “स्लो लिव्हिंग गोल्स!” मी खूश.

रात्री ताईचा मेसेज आला. “त्या गोधडीच्या कडेच्या चार रांगा मी घातल्यात. तुला कधी कोणी सुई धर म्हटलं होतं का रे?”

मला उत्तर सुचलं नाही. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मला गणिताचा क्लास लावला होता. तिला त्या वयात आईनं शेजारी बसवून धावदोरा शिकवला होता. शिक्षण दोघांचंही झालं. माझ्या शिक्षणाचा पुढे पगार झाला. तिच्या शिक्षणाला सगळे ‘मुलीच्या जातीला आलंच पाहिजे’ म्हणाले. आता त्याच टाक्यांवर लाइक मी गोळा करत होतो.

हातानं केलेल्या वस्तूंचं आमच्या पिढीला फार कौतुक आहे. मातीचे कप, हातमागाचे पडदे, क्रोशाच्या पिशव्या. घर कसं ‘एस्थेटिक’ पाहिजे. त्यात काही वाईट नाही. पण ज्या हातांनी हे होतं, त्या हातांच्या वेळाबद्दल आपण एक शब्द बोलत नाही, आणि आपला हात तर कधीच लावत नाही. गोधडीला ‘माया’ म्हटलं की काम संपतं. मायेला तास नसतात, मजुरी नसते, पाठदुखी नसते. म्हणून तो शब्द आपल्याला इतका आवडतो.

मी इंजिनियर. अपराधी वाटलं की आम्ही आकडेमोड करतो. आमच्या घरची मोठी गोधडी साधारण १८० बाय १३५ सेंटीमीटर. दोन रांगांत दोन सेंटीमीटर अंतर, एका सेंटीमीटरला एक टाका. म्हणजे जवळपास बारा हजार टाके. सुईत दोरा ओवणं, गाठ मारणं, कापड सारखं करणं हे सगळं धरून टाक्याला पाच सेकंद लावले, तर सतरा तास. शिवाय जुन्या साड्या धुणं, फाडणं, थर अंथरणं वेगळं. आणि हे सतरा तास सलग कुणाला मिळतात? आई दुपारी जेवणाची भांडी झाल्यावर बसते आणि चहाची वेळ झाली की उठते.

तिचा बाकीचा दिवस कुठे जातो, हे सरकारनंही मोजलंय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम दिवसभरात शंभरातल्या ८१ बायका करतात आणि शंभरातले २६ पुरुष. ज्या बायका करतात त्यांची रोजची सरासरी २९९ मिनिटं. जे पुरुष करतात त्यांची ९७. म्हणजे मुळात करणारे पुरुष कमी, आणि करतात तेही तिसरा हिस्सा.

आता कोणी म्हणेल, “पण आईला आवडतं ते!” हो, आवडतं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, “उन्हाळ्यात शेतात काम नसतं. शेजारणी येऊन बसतात, रंगाला रंग लावायला मजा येते. पण तुम्ही लहान होते तवा लई जिवावर यायचं. थंडी तोंडावर अन् अंथरूण पुरं नाही.” गोधडी तीच, टाका तोच. एकदा आनंद आणि एकदा ओझं. मधला फरक फुरसतीचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: घरात हस्तकलेचा आनंद हवा असेल, तर आधी घरातल्या फुरसतीची वाटणी करा. मी भांडी घासली तर आईला रंग निवडायला एक तास मिळतो. कितीही बदाम टाकले तरी तो मिळत नाही.

दुसरा आक्षेप मशीनचा. “ब्लँकेट स्वस्तात मिळतं, कशाला डोळे फोडायचे?” खरंय. मी जालन्याचा आहे. सळ्यांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या असलेल्या गावाजवळ वाढलेला माणूस यंत्राला शिव्या देणार नाही. आई स्वतः पावसाळ्यात ब्लँकेटच घेते, लवकर वाळतं म्हणून. आणि आता सुती लुगडी राहिली नाहीत. सिंथेटिक साड्यांची गोधडी हातातून सटकते, आजीच्या गोधडीसारखी मऊ पडत नाही. गोधडी वाचवण्यासाठी कुणी शिवावी, असं मी म्हणत नाही. शिवणाऱ्याला हवी वाटली तरच ती शिवावी. नको असेल तर ब्लँकेट जिंदाबाद.

तिसरा सल्ला आमच्या ऑफिसमध्ये हमखास मिळतो. “आईचं इन्स्टा पेज काढ, ब्रँड कर.” विकायला हरकत नाही, पण मग सतरा तासांचे पैसे मांडा. आणि नाव झालं म्हणजे हिशेब चुकता होतो असंही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबवलेल्या लोकांच्या वंशातल्या तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. २००७ मध्ये पैशांवरून खटलेही झाले, ते पुढच्या वर्षी मिटले. गोधडी भिंतीवर चढली तरी शिवणारीला आपला वाटा मागावाच लागला.

आमच्या भोकरदनचीही अशीच गोष्ट आहे. १९७३ मध्ये इथं उत्खनन झालं. सातवाहनांच्या काळातल्या या गावात हस्तिदंतावर कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी ती इतकी जुळते, की पॉम्पेईची मूर्तीही भोकरदनलाच घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. इतक्या जुन्या काळात आमच्या मातीतली कारागिरी समुद्रापार पोचली असेल, तर अभिमान वाटतोच. पण कोरणाऱ्याचं नाव? वस्तू म्युझियममध्ये जाते आणि हात विसरले जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हातांचं आता काही करता येत नाही. माझ्या घरातले हात मात्र समोर आहेत.

म्हणून मी ठरवलं, ताईच्या बाळासाठी दुपटं शिवायचं. आईला म्हटलं, “मला शिकव.”

“कामून? बोट टोचून घेशील,” ती म्हणाली. काका ओसरीवरून हसले, “इंजिनियर झाला अन् बायकांची कामं करायला लागला.”

काकांचे सगळे शर्ट बाजारातल्या शिंप्यानं शिवलेत. तो पुरुष आहे. लग्नातला आचारी पुरुष असतो. पैसे मिळणार असतील तर सुई आणि झारा पुरुषाच्या हातात शोभतात. घरात फुकट करायचं असलं की तीच बायकांची कामं होतात. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “तू लई शिकला.” वाद संपला.

माझी पहिली रांग सापासारखी गेली. तीन आठवडे, रोज पाऊण तास. बोटं खरंच टोचली. पण खोटं कशाला सांगू, मजा आली. माझं काम असं, की सहा महिने खपून लिहिलेला कोड एका मीटिंगमध्ये रद्द होतो. टाका घातला की तो तिथंच असतो. चुकला तर दिसतो. उसवून परत घालता येतो. फोन लांब ठेवलेला आणि आई शेजारी बसलेली. तिला आता मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवता येत नाही, हे मला त्या पाऊण तासांत कळलं. फोटो काढताना कळलं नव्हतं. आता ऑपरेशनची तारीख घेतलीय. तोवर गावी आलो की पाच-सहा सुया ओवून ठेवणं हे माझं काम.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या हातची वस्तू पोस्ट करायची इच्छा झाली, तर आधी तीन प्रश्न विचारा. हे करायला किती वेळ लागला? तेवढा वेळ तुला कुणी दिला? मला शिकवशील? तिसऱ्या प्रश्नाला घरचे हसतील. हसू द्या आणि बसा.

माझं दुपटं झाल्यावर ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं कॅमेरा जवळ न्यायला सांगितलं, नीट बघितलं आणि म्हणाली, “चौथी रांग सैल आहे. बाळाचं बोट अडकेल. उसव.”

काल रात्री उसवली. आज परत घालतोय.